कार्ड नवं, फाइल जुनी

सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात टेक्निशियननं सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं आणि सर्व्हर नेटवर्कवर येईना. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जुन्याच कार्डाचा नंबर होता. तो मी बदलला, सर्व्हर चालू झाला. कार्डाबरोबर हा नंबरही बदलायचा, हे साहेबांनी काढून दिलेल्या कामांच्या यादीतच नव्हतं.

साहेब पुण्याचे. म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिही, टेक्निशियननं कार्ड सैल बसवलं होतं. तुझा इथला वर्क पास रिन्यू व्हायचाय, विसरू नकोस."

"त्यानं नीटच बसवलं होतं, सर."

"फार शहाणा झालास! कुठल्या कॉलेजचा रे तू?"

"तालुक्याच्या. घरात पहिलाच शिकलो."

वडील आयुष्यभर दुसऱ्यानं लिहिलेल्यावर अंगठा लावत आले. मी खरं कारण लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव टाकलं आणि साहेबांच्या समोरच रिपोर्ट पाठवला.