बिनतारीवाले मामा आणि तीन फुटांचा बांध

दोन माणसांनी एकाच वेळी बोलू नये, हा नियम आयुष्यभर पाळणारा एकच माणूस आमच्या उमरगा तालुक्यात जन्माला आला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. निजामाच्या राजवटीत मामा गावाबाहेरच्या बिनतारी ठाण्यावर नोकरीला होते. तिथं एकानं बोलायचं, संपलं की तसं सांगायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. नोकरी संपली तरी त्यांनी ही शिस्त सोडली नाही. आपलं बोलणं संपलं की ते उजवा हात वर करीत, आणि समोरच्याचा हात वर होईपर्यंत तोंड उघडत नसत. मामींचा हात कधी वर गेल्याचं कुणाला आठवत नाही. त्यामुळं त्या घरात भांडण असं झालंच नाही. झालं ते एका बाजूचं भाषण.

आलेला निरोप परत म्हणून दाखवायचा, ही त्यांची दुसरी सवय. माझ्या मेहुणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाच्या वडिलांनी सायकल, घड्याळ आणि अंगठी मागितली. मामा ताठ बसले आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निरोप मिळाला. मुलाला सायकल पायजे. घड्याळ पायजे. अंगठी पायजे. बरोबर हाय का?" व्याही म्हणाले, "बरोबर." पण महत्त्वाचा निरोप तीनदा म्हणायचा असा ठाण्यावरचा नियम. दुसऱ्या वेळेला व्याह्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तिसरी सुरू व्हायच्या आत ते म्हणाले, "अंगठी ऱ्हाऊ द्या. घड्याळबी ऱ्हाऊ द्या. पर ह्यास्नी गप करा."

ठाणं म्हणजे चिबडाच्या काठावरची एक दगडी खोली आणि एक उंच लोखंडी खांब. चिबड म्हणजे बारा महिने पाणी मुरलेली, लव्हाळ्यानं भरलेली जमीन. गावाला ती वाया गेलेली वाटे, मामांना ती यंत्राचा अर्धा भाग वाटे. खांबाची तार ओल्या जमिनीत पुरलेली म्हणूनच आवाज लांबवर जायचा, असं ते सांगत. ठाणं बंद झालं तेव्हा साहेब लोक यंत्र घेऊन गेले. किल्ली मागायला कुणी आलं नाही. मामांनी स्वतःचा रेडिओ तिथं नेऊन खांबाला जोडला आणि रोज संध्याकाळी परमुलखातली शॉर्टवेव्ह स्टेशनं ऐकू लागले. भाषा एकही कळत नसे. "कळायचं काय त्यात? मानूस एवढ्या लांबून बोलतोय, आपुन ऐकून घ्यावं," म्हणत.

पुढं आमच्या गावच्या शेतकरी सोसायटीनं चर खोदून चिबड कोरडं केलं आणि तिथं ज्वारी पेरली. थोडी वर्षं पिकलीही. मग बहात्तरचा दुष्काळ आला, विहिरी आटल्या, आणि मामांचा रेडिओ नुसता खरखरू लागला. तेव्हा मामा आंघोळीचं पाणी बादलीत धरून खांबाच्या बुडाशी ओतायला लागले. टँकरच्या रांगेतल्या बाया बघत राहत. बौद्ध वस्तीतल्या गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. त्यांनी एकदा विचारलंच, "मामा, खांबाला न्हाऊ घालताव व्हय? मग साबन तरी लावा की!" मामांनी उत्तर दिलं नाही. गयाबाईंचा हात वर गेला नव्हता.

चर बुजवून बांध घाला, चिबड पुन्हा ओलं करा, विहिरींना पाणी येईल, हे पहिल्यांदा मामाच म्हणाले. गाव आधी हसलं. पुढं दुष्काळी कामात ते मंजूर झालं. ओव्हरसियरनं पातळी घेतली आणि मामांचा चेहरा उतरला. दोन फुटांचा बांध घातला, तर पाणी पूर्वीसारखं खोलीच्या पायरीपर्यंत राहणार होतं. पण वस्तीची विहीर नवी, जरा उंचावरची. तिला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. चार फूट घातला, तर तिला उन्हाळाभर पाणी. मात्र खोली खिडकीपर्यंत बुडणार.

सोसायटीत बैठक बसली. मामा म्हणाले, "ह्या खोलीतनं पटकीच्या साथीत म्या औषध मागवलंय. असलं ठाणं पुन्हा कुणी बांधनार न्हाय. दोन फूट करा." आणि हात वर केला.

गयाबाई दाराशी उभ्या होत्या. "खोली लई मोलाची आसंल, मामा. पर आमच्या पोरी शाळा सोडून टँकरमागं पळत्यात. चार फूट करा." बोलून झाल्यावर त्यांनीही हात वर केला.

मामांनी मान खाली घातली. "निरोप मिळाला," म्हणाले. पण परत म्हणून दाखवला नाही.

कुठलाही वाद निम्म्यावर मिटवायचा, ही आमच्या सोसायटीची रीत. पेंड असो की बियाणं, दोघांना निम्मं निम्मं दिलं की दोघंही गप्प होत. दोन आणि चार यांच्या मध्ये तीन. ठराव एकमतानं मंजूर झाला. सेक्रेटरी म्हणून तो मीच लिहिला. पाणी निम्म्यावर ऐकत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाऊस झाला, आणि पाणी खोलीत घोट्यापर्यंत शिरून तिथंच थांबलं. भिंती दगडी असल्या तरी दगडांच्या सांध्यांत भरलेली दर्ज मातीची होती. ती भिजत राहिली. दिवाळीच्या सुमाराला मागची भिंत बसली, पाठोपाठ छत. वस्तीच्या विहिरीला पाणी लागलं, पण शिमग्याच्या आत तिचा तळ दिसला. दोघांचंही राखायला गेलो आणि दोघांचंही घालवून बसलो.

उन्हाळ्यात मामा आपण होऊन सोसायटीत आले. म्हणाले, "बांध चार फूट करा. दगूड माझ्या खोलीचे घ्या. घडीव हायती."

मी म्हणालो, "मामा, एखादी भिंत तरी राहू द्या. खूण म्हणून."

"खूण कुनाला ऐकू येती व्हय?" ते म्हणाले.

दगड उचलायला वस्तीतली माणसं आली. हा दाराकडचा, हा खिडकीखालचा, असं मामा प्रत्येक दगडाचं सांगत होते. कुणी विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना कुणी गप्पही केलं नाही.

पुढच्या पावसानंतर चिबड काठोकाठ भरलं. वैशाखात मामा आणि मी बांधावरून येत होतो. वस्तीतून गयाबाईंनी हाक मारली, "मामा, विहिरीचं पानी पिऊन जावा!" तोवर आमच्या आळीतलं कुणी वस्तीवर पाणी पीत नसे. मामा सरळ गेले आणि खांबाकडं पाठ करून ओट्यावर बसले. तांब्या दोन्ही हातांनी धरून प्यायले.

"गोड हाय," म्हणाले.

गयाबाईंनी विचारलं, "आजून देऊ?"

मामांनी रिकामा तांब्या पुढं केला.