रबरावरचे टाके

एका जागी चार वर्षं नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. मी आणि तेव्हा माझ्याबरोबर काम करणारा डॉक्टर चुरी भेटलो की विषय एकच निघतो, पालघरकडचं ते छोटं सरकारी हॉस्पिटल आणि तिथले हातमोजे. सुरुवात हसण्यानं होते आणि दहा मिनिटांत माझा आवाज चढतो. आजही चढतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच एम.बी.बी.एस. होऊन रुजू झाले होते. कॉलेजात गाठी मारायला शिकले ती खुर्चीच्या पायाला दोरा बांधून. पण खुर्चीचा पाय कितीही ओढला तरी फाटत नाही, माणसाचं आतडं फाटतं. हे आम्हाला शिकवलं राऊत सरांनी. हॉस्पिटलात सर्जन ते एकटेच.

सर एक फाटका हातमोजा ट्रेवर ताणून बसवायचे, ब्लेडनं चिरायचे आणि म्हणायचे, "शिवा." मी पहिल्या दिवशी दोरा ओढला आणि टाका रबर चिरत सरळ बाहेर आला. सरांनी दुसरा फाटका मोजा ट्रेवर ताणला आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग पुढचा धडा. हातमोज्याचं बोट मधोमध कापायचं, दोन तुकडे पुन्हा जोडायचे आणि आत पाणी भरायचं. एक थेंब गळला तरी सगळं उसवायचं. मी आणि चुरी रोज दुपारी व्हरांड्यात बसून हेच करायचो.

---

आता फाटके हातमोजे तरी सुखानं मिळावेत की नाही? धुऊन, उकळून, पावडर लावून पुन्हापुन्हा वापरलेले ते मोजे शेवटी फाटायचे. नियम असा, की ते तीन अधिकाऱ्यांसमोर जाळायचे. सरांनी वरच्या ऑफिसला अर्ज केला, जाळण्याऐवजी ते शिकायला द्या. सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'हातमोजे हे हातात घालण्यासाठी असून शिवणकामासाठी नाहीत.'

त्याच आठवड्यात मागच्या अंगणात होळी झाली, सरांनी आधीच बाजूला काढलेले मोजे तेवढे वाचले. जळक्या रबराचा वास बाळंतिणींच्या वॉर्डात दोन दिवस राहिला. तिथे कुणाचाही नियम आड आला नाही.

---

एकदा मुंबईहून मोठे सर्जन शिबिराला आले. त्यांच्याबरोबर एकदा वापरून फेकायचे हातमोजे होते. आम्ही तसले पहिल्यांदाच बघत होतो. ऑपरेशनं संपल्यावर सर बादलीतून ते मोजे उचलून जंतुनाशकात बुडवायला लागले. पाहुणे हसले. म्हणाले, "राऊत, फुगे जमवताय का?"

सरांनी शांतपणे आमच्या शिक्षणाचं सांगितलं. पाहुण्यांना ती खेडवळ हौस वाटली. सर म्हणाले, तुमच्या असिस्टंटनं एक टाका घालून दाखवावा. तो आमचा एक फाटका मोजा घेऊन ऐटीत बसला. पहिला टाका फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याला तर अख्खा मोजाच दुभंगला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि निकाल दिला, "रबर हलक्या दर्जाचं आहे."

तसल्याच मोज्यावर चुरीनं सकाळी अकरा टाके घातले होते. तो उठून दाखवायला निघाला, तर सरांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. सरांनी अडवलं, याचा मला आजही राग आहे.

---

बोईसरच्या एका कारखान्यातला कामगार आला होता, पंजा पत्र्यानं कापलेला. त्याला सोडायला आलेला सुपरवायझर मला बघून म्हणाला, कुणी जेन्ट्स डॉक्टर नाही का. कामगार बिचारा घाबरलेला. मी सुई घेतल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, पहली बार है क्या?"

जिवंत कातडीवर पहिल्यांदाच होतं. मी म्हटलं, "दो सौ बार किया है." ते खोटं नव्हतं.

---

माझ्या तिसऱ्या वर्षी सर आठवडाभर रजेवर होते. दुपारी डोंगरपट्टीतल्या एका शेतकऱ्याला झोळीत घालून आणलं. बैलानं पोटात शिंग मारलेलं, आतडं फाटलेलं. गाडी एकच, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन मुंबईला गेलेली. मी त्याच्या बायकोला खरं ते सांगितलं. मोठे डॉक्टर नाहीत, मी हे एकटीनं कधी केलेलं नाही.

ती बाई महिन्यापूर्वी सुनेच्या बाळंतपणाला आमच्याकडे राहिली होती. ती म्हणाली, "तुमी रोज त्या रबराला शिवता, मी बगलंय. याला पन शिवा."

चुरीनं भूल दिली. मी शिवलं. दोरा व्हरांड्यात ओढायचे तितकाच हलका ओढला. सहाव्या दिवशी तो माणूस पेज मागायला लागला, आणि बाराव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला.

त्यानंतर मला वरून नोटीस आली, वरिष्ठांच्या परवानगीविना शस्त्रक्रिया का केली याचा खुलासा करा. माणूस जगला, हे त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं. मी तो कागद फाडायला निघाले होते. सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खुलासा स्वतःच्या सहीनं पाठवला.

---

आणि मग ती तपासणी. वरून आलेले साहेब व्हरांड्यात थबकले. तिथे दोरीवर आमचे शिवलेले हातमोजे वाळत होते. त्यांनी एक निरखून पाहिला, मान डोलावली आणि काही न विचारता जीपमध्ये बसले. पंधरा दिवसांनी परिपत्रक निघालं. फाटलेले हातमोजे टाके घालून पुन्हा वापरात आणण्याचा आमचा उपक्रम स्तुत्य असून सर्व दवाखान्यांनी त्याचं अनुकरण करावं!

मी संतापून सरांना म्हटलं, आता हे शिवलेले मोजे घालून लोक ऑपरेशनं करतील, कुणाचा तरी जीव जाईल. सरांनी त्याच दिवशी कडक पत्र लिहिलं. उत्तर नाही.

दोन महिन्यांनी एस.टी.नं एक तरुण डॉक्टर आला, जव्हारच्या बाजूच्या कुठल्याशा दवाखान्यातला. खांद्यावर पिशवी. त्यानं ती सरांच्या टेबलावर रिकामी केली, तीस-चाळीस शिवलेले हातमोजे. म्हणाला, "सर, हुकुमाप्रमाणे रोज शिवतोय. पण हे घालून पेशंटला हात लावायला माझं मन होत नाही. तुम्ही कसे वापरता, ते विचारायला आलोय."

सर एक मोजा उचलून खिडकीपाशी गेले. उजेडात धरून त्यांनी टाके बघितले. मग दुसरा बघितला, तिसरा बघितला. एकही टाका फाटलेला नव्हता.

"सर्जरी कुठे शिकलात?" सरांनी विचारलं.

तो गोंधळला. म्हणाला, "सर्जरी? मला कुठे येते, सर?"