तुळईची भेग

स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणून आम्ही मधली भिंत पाडली, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या तुळईला तिरकी भेग गेलेली दिसली. इंजिनिअरला बोलावलं. छोट्या हातोडीने तुळई ठोकत तो हळूहळू पुढे सरकत होता. एके ठिकाणी आवाज पोकळ आला. तो थांबला.

"बीमला क्रॅक गेलाय. भिंतीचा सपोर्ट गेल्यामुळे लोड शिफ्ट झालाय. प्रॉपिंग करावं लागेल," तो मला म्हणाला.

मी मान डोलावत राहिलो. सगळे शब्द मला कळत होते, तरी तो दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल बोलतोय असं वाटत होतं. इंग्रजीत सांगितलेलं संकट कागदावरच राहतं. आपल्या डोक्यावर येत नाही.

आई ओट्यापाशी उभी होती. "म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

त्याने हातोडी खाली केली. "म्हणजे आजी, छत खाली येऊ शकतं. टेकू लागेपर्यंत इथे कुणी थांबायचं नाही. आत्ताच बाहेर पडा."

तेव्हा कुठे मी मान वर करून त्या भेगेकडे पाहिलं. आई लगेच ओट्याकडे वळली. अर्धवट शिजलेल्या भाताखालचा गॅस तिने बंद केला आणि माझा दंड धरून मला दाराबाहेर काढलं.