सहा वर्षं आठ महिन्यांचं पाणी

मावशी माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. साहित्याची पदवी घेऊन मी दोन वर्षं घरी बसले होते. तेव्हा त्यांनीच मला त्यांच्या संस्थेत अहवालांची भाषा तपासण्याचं काम मिळवून दिलं. आमच्या वयात चौतीस वर्षांचं अंतर आहे. तरी मैत्री आहे. त्या मला शास्त्र सांगतात, मी त्यांच्या पत्रांतल्या चुका काढते.

संस्थेत त्यांना पाठीमागे ‘पाणीवाली’ म्हणत. काका, म्हणजे त्यांचे यजमान, तोंडावर म्हणत. "या घरात पाण्याला जेवढा मान आहे, त्याच्या चौथाई मला मिळाला असता तरी मी ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालो नसतो."

त्यांचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगते. तळमजल्यावर एका खोलीत माणसापेक्षा उंच, पिंपासारखं चुंबक आहे. आत जाताना घड्याळ, किल्ल्या, बँकेचं कार्ड बाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचं. पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीत पाण्यात विरघळवलेलं प्रथिन घ्यायचं आणि नळी चुंबकात सोडायची. रेडिओच्या लहरींनी आतल्या अणूंना हलकेच डिवचायचं आणि ते काय उत्तर देतात ते टिपायचं. अडचण एकच. नळीत पाणी इतकं जास्त असतं की त्याच्या कलकलाटात प्रथिनाचं काही ऐकूच येत नाही. म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो पाण्याचा आवाज काढून टाकण्याचा.

मावशी मात्र तो आवाज ठेवत. त्यांचं प्रथिन होतं डोळ्याच्या भिंगातलं. उतारवयात ते गढूळ होतं, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. मावशींचं म्हणणं असं की प्रथिन बिघडण्याच्या कितीतरी आधी त्याला बिलगून असलेलं पाणी बदलतं. हे दाखवायला त्यांनी बारा नळ्या भरल्या, तोंडं बंद केली आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोजल्या. सहा वर्षं आठ महिने. एक तारीख चुकू नये म्हणून त्यांनी पोटच्या मुलीचं लग्न दोन तारखेला धरायला लावलं.

नळ्या एकेक करून गढूळ झाल्या. बाराही. मावशींनी निबंध लिहून एका शोधपत्रिकेला पाठवला. उत्तर आलं: निष्कर्ष महत्त्वाचा आहे, दोन महिन्यांत मूळ मोजमापं पाठवा.

त्यांनी फोल्डर उघडलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. पडद्यावर प्रथिनाच्या बारीक टेकड्या होत्या. मधोमध पाण्याचा डोंगर असायचा, तिथं सपाट रेघ होती. त्यांनी दुसरी नळी उघडली. सपाट. मागचं वर्ष उघडलं. सपाट.

"अगं, यातलं पाणी कुणी काढलं?" त्यांनी मला विचारलं.

चुंबक सांभाळणारा ऑपरेटर आला. पडदा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"साहेब म्हणाले, सर्व्हर भरलाय. जुन्या फायली आवरा, एकच प्रत ठेवा. मी आवरल्या. नेहमीसारखं पाणी काढून."

"आणि मूळ?"

"पुसल्या." तो जमिनीकडे बघत होता. "बाई, तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी. आधी पाणी घालव, मग प्रथिनाकडे बघ."

दुसऱ्या डिस्कवर प्रत होती. पण ती रोज आपोआप पहिलीसारखी होत असे. तीही सपाट.

ऑपरेटरला काय बोलणार? मावशींनी विभागप्रमुखांना तीन अर्ज दिले होते: माझ्या फोल्डरला हात लावू नये. तिन्हींची भाषा मीच नीट केली होती. तिन्हींवर कार्यालयाचा ‘मिळाले’ असा शिक्का आहे. ऑपरेटरला त्यातला एकही कुणी दाखवला नव्हता.

मावशी विभागप्रमुखांकडे गेल्या. मी फाइल धरून मागे उभी होते.

"नळ्या आहेत ना अजून?" साहेब म्हणाले. "मग पुन्हा मोजा की. मशीनचे जादा तास देतो."

"साहेब, दह्याचं दूध करून मोजू?"

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी रसायनशास्त्रातलं बोलतेय. गढूळ झालेलं प्रथिन मागे जात नाही."

"गेलं ते पाणीच ना? सगळेच काढतात."

तीस वर्षं प्रथिनांवर काम केलेला माणूस हे बोलला. माझे कान तापले. मावशी शांत होत्या. मला त्यांचाही राग आला.

मग साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. तपासणी समिती येणार होती. कागदावर छापलं होतं: ‘महत्त्वाच्या माहितीची कोणतीही हानी झालेली नाही.’ खाली सहीची जागा. मावशींच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. सही केली तर नंतर दोन वर्षं प्रयोगशाळेत येता येईल, असं साहेब गोड आवाजात म्हणाले.

संध्याकाळी काका म्हणाले, "करून टाक सही. एका ओळीनं काय आभाळ कोसळतंय?"

"तुमच्या चित्रावर कुणी चुना फासला आणि म्हणाला, कागद तर शाबूत आहे, तर?"

काकांनी चहाचा कप पुढे सरकवला. मग म्हणाले, "नको करूस. पण चहा तरी पी, पाणीवाले."

मावशींनी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: ‘सहा वर्षं आठ महिन्यांचं पाणी गेलं. परत मिळणार नाही. तीन अर्ज जोडले आहेत.’ कागद परत आला, ‘दुरुस्त करून द्यावा’ असा शेरा घेऊन. त्यांनी तोच पुन्हा पाठवला. प्रयोगशाळेत येण्याची परवानगी नाकारली गेली. निबंध त्यांनी स्वतःच मागे घेतला. आकडे त्यांच्या वहीत आहेत, त्यांच्या अक्षरात. पण मूळ मोजमापाशिवाय वहीला कोण विचारतो?

‘कोणतीही हानी झालेली नाही’ ही ओळ वार्षिक अहवालाच्या मसुद्यातही होती, ती मी काढली होती. छापून आला तेव्हा ती जागेवर होती. पान सेहेचाळीस. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं खोटं. समितीनं विभागाच्या शिस्तीचं कौतुक केलं.

त्या पाच महिन्यांत मावशींनी बारा नव्या नळ्या भरल्या. पहिली पाच मोजमापं स्वतः घेतली. मग निरोप समारंभ झाला. साहेबांनी भाषणात त्यांच्या चिकाटीचा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत.

पुढच्या एक तारखेला सकाळी मी वर गेले. मावशी वही उघडून फोनपाशी बसल्या होत्या. त्यांना आता त्या खोलीत जाता येत नाही.

"अजून पंच्याहत्तर महिने," काका म्हणाले. "तोवर आमच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरेल. मोजायला बरं."

फोन वाजला. मावशींनी स्पीकर लावला. ऑपरेटर होता.

"पाण्यासकट?" मावशींनी विचारलं.

"पाण्यासकट, बाई. तीन ठिकाणी ठेवलंय. एक प्रत माझ्या घरी."

"साहेबांना माहीत आहे?"

"अर्ज दिलाय. शिक्का मारून घेतलाय. आणि फायलींना कुलूप मीच घातलंय."

"वाच मग," मावशी म्हणाल्या. "एक नंबरची नळी."