शेजारच्या काकूंची किल्ली

आमचे हे किल्ल्या बनवतात. नाक्यावर टपरीएवढं दुकान, एक मशीन, एक कानस, आणि स्वभाव असा की हे हसले तर गिऱ्हाईक दचकतं. आपल्या हातची किल्ली पहिल्या फटक्यात लागते, हा ह्यांचा ताठा.

धाकटे भाऊजी आमच्याच घरात वाढले. शाळा संपेपर्यंत त्यांचा डबा मीच केला. लग्नानंतर त्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं; नवरा, बायको, एक मुलगी. परवा दुकानात येऊन म्हणाले, "दादा, घराची आणखी एक किल्ली कर."

ह्यांचा चेहरा असा खुलला! आपल्याशिवाय कुणाला देणार? तरी विचारलं.

"शेजारच्या काकूंना द्यायचीय. आम्ही दोघं कामावर. मुलगी दोनला शाळेतून येते, त्या दार उघडतील."

रात्री जेवताना हे म्हणाले, "एक दात मुद्दाम कमी घासला. बघू, कशी उघडते ती काकू!"

एरवी मी झापलंच असतं. पण माझ्याही पोटात दुखत होतं. कोण कुठली बाई, आणि तिच्या हातात आमच्या माणसांच्या घराची किल्ली! "बरं केलंत," मी म्हटलं आणि ह्यांना आणखी वाढलं. पोरगी दाराबाहेर अडकेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात पोचले, तोच भाऊजींचा फोन. "दादा, किल्ली लागत नाही. पोरगी जिन्यात बसलीय."

हे कानस घेऊन निघाले, मागोमाग मी. दोन बस बदलल्या. खरं सांगते, आपली गरज पडली म्हणून आतून बरंच वाटत होतं.

पोरगी काकूंच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्याच ताटात जेवत होती. आम्हाला बघून नुसती हसली.

काकूंनी किल्ली पुढे केली. "मला नाही जमत हो. तुम्ही घरची माणसं, तुम्हीच ठेवा. फक्त रोज दोनला या."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रोज दुकान बंद करून? रोज दोन बस? मी आपली चपलांकडे बघत राहिले.

हे खाली बसले, दोनदा कानस फिरवली आणि किल्ली काकूंना परत दिली. दार पहिल्या फटक्यात उघडलं. पोरगी काकूंचा हात धरून आत पळाली. आत गेल्यावर दार लगेच लावायचं, हे तिला शिकवलेलं. तिनं ते लावलं.

"चांगली लागते," हे म्हणाले.

मग मी बेल वाजवली.