कानवाल्या ताईंची स्टेपनी

कानवाल्या ताई गेल्याचं मला सलूनवाल्याने सांगितलं. दाढी करता करता म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिलात. तुम्हीच लिहा की चार ओळी."

त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो, एवढंच खरं आहे. त्यांचं माहेर कुठलं, त्यांना खायला काय आवडायचं, दार लावून घेतल्यावर त्या काय करायच्या, यातलं मला काहीच ठाऊक नाही. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. जिना चढता-उतरता जे दिसलं आणि त्यांच्या खुर्चीत बसून जे कानावर पडलं, तेवढ्यावरच लिहितो आहे. काही चुकलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कानाची यंत्रं बसवण्याचं काम चाले आणि मागच्या खोलीत त्या आणि त्यांची सासू राहत. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात कपाटाएवढी एक लाकडी खोली होती, आतून फोम लावलेली. तिच्यात माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, हातात एक बटण द्यायचं. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तपासणी सुरू करण्याआधी ताई पंखा बंद करायच्या, मागचा फ्रिज बंद करायच्या आणि दारातून डोकं काढून ओरडायच्या, "गाणी बंद!" शेजारचा सलूनवाला रेडिओ बंद करून म्हणायचा, "करा, भरा लोकांचे कान. आम्ही भरले तर लोक जोड्याने मारतील, तुम्हाला पैसे देतात."

"तुमचे कान भरायला जागा कुठाय? केसच आहेत सगळे," ताई म्हणायच्या.

बोलायला त्या फटकळ होत्या. यंत्र घरी विसरून आलेल्या माणसाला त्या त्याच्या तोंडावर "चष्मा विसरून सिनेमाला जाता का?" असं विचारायच्या. मी मात्र त्यांच्यापुढे फारसा बोलत नसे. मुळात मला बोलण्याची सवय कमी, आणि ऐकू कमी यायला लागल्यापासून तर न बोलण्याची सोयच झाली होती.

त्यांचा नवरा दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडून बसला होता. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. नवलाची गोष्ट अशी की तो गेला तेव्हा त्याची आई त्याच्याबरोबर गेली नाही, ती सुनेकडेच राहिली. का राहिली, ते मी विचारलं नाही. दोघींचं गूळपीठ होतं असंही नाही. सकाळपासून त्या भांडत. चहात साखर जास्त, पडदा वाकडा, दूधवाल्याला तोंड वर करून बोललीस, इथपासून काहीही. सासू पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवत असे आणि सगळ्या जगाला तिने दुसरीत बसवलं होतं. माझ्या फरशीखालून हे भांडण रोज यायचं. नीट शब्द कळायचे नाहीत, पण यंत्र कानात घातल्यावर पहिलं ऐकू यायचं ते हेच.

सासूला ऐकू यायचं ते ताईंनी बसवलेल्या यंत्रामुळे. पुढे तिला झटका आला, उजवी बाजू गेली, लक्ष एका जागी राहीना. तिला त्या फोमच्या खोलीत बसवायची सोयच उरली नाही. ताई एकदा मला म्हणाल्या, "ऐकू आलं तरी बटण दाबते, नाही आलं तरी दाबते. लवकर सुटका व्हावी म्हणून. मास्तरीण असून परीक्षेत कॉपी करते." मग ताईंनी तपासणी सोडून दिली आणि रोजच्या रोज तिच्याकडे बघून यंत्राची सेटिंग थोडी थोडी बदलत नेली. कुठे एक काटा वर, कुठे एक काटा खाली. अशी दोन-तीन वर्षं. ती सेटिंग यंत्रात असायची आणि तिची एक प्रत ताईंच्या कॉम्प्युटरवर.

आता मुख्य गोष्ट. एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सासूचं यंत्र उशीच्या अभ्र्याबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेलं आणि साबणात धुऊन निघालं. ताईंनी तसंच नवं यंत्र मागवलं. ते कोरं आलं, कोरंच येतं. कॉम्प्युटरवरून सेटिंग त्यात उतरवायची, दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. कॉम्प्युटरने आपणहून काहीतरी अपडेट केलं आणि सकाळी तो उठेचना. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ.

मी माझ्या बॅटऱ्या आणायला खाली गेलो तेव्हा दुरुस्तीवाला आलेला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. जाड माणूस, खाली वाकला की धापा टाकायचा. मला बघून ताई म्हणाल्या, "काका, बसा. आज आमचा डॉक्टरच आजारी आहे."

"स्टेपनी आहे का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"आहे तर." ताईंनी टेबलावरची बरणी उघडली. कानाची यंत्रं रात्री दमट राहू नयेत म्हणून ज्या बरणीत निळे दाणे घालून ठेवतात, ती. त्या दाण्यांत हात घालून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला. कॉम्प्युटर आडवा झाला तर त्याला परत उभं करायला लागतं ते सगळं त्याच्यावर आधीच भरून ठेवता येतं, आणि ते चांगला असताना त्याच कॉम्प्युटरवर करून ठेवायचं असतं. खरं नाव रिकव्हरी ड्राइव्ह, पण या दोघांनी त्याला गाडीच्या जादा चाकाचं नाव दिलं होतं.

"वा! शंभरात एक जण करून ठेवतो हे," दुरुस्तीवाला म्हणाला. "बाकीचे 'नंतर' दाबतात आणि नंतर माझ्याकडे रडत येतात."

त्याने ड्राइव्ह लावला. निळा पडदा आला. त्याने काही निवडलं आणि पडद्यावर एक लांबलचक चौकट आली. कुलपाचा आकडा मागत होती. पेशंटची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून यंत्रांच्या कंपनीच्या माणसाने त्या कॉम्प्युटरच्या डिस्कला कुलूप घालून दिलं होतं. एरवी ते दिसायचंही नाही. पण बाहेरून दुरुस्त करायला गेलं की आधी आकडा द्यायचा, मग आत हात घालायचा.

"आकडा कुठे ठेवलाय?"

ताईंनी बरणीचं झाकण लावलं.

"याच पेन ड्राइव्हवर होता," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

"स्टेपनी करायला घेतली तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. म्हणून मी त्याच्यावर होतं ते आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवलं. म्हटलं, पुसलं जायला नको. नंतर दुसरीकडे ठेवू."

दुरुस्तीवाल्याने खुर्चीला पाठ टेकली. "म्हणजे ताई, कपाटाची किल्ली कपाटात ठेवलीत आणि कपाट लावलंत."

"फोडा मग कपाट."

"हे फुटत नाही हो. डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी आत नुसता भुसा दिसेल. उघडून देतो म्हणणारे भेटतील, पैसे घेतील आणि हात हलवत परत पाठवतील. आता एकच. सगळं पुसायचं आणि स्टेपनीवरून नवं घालायचं. दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा होईल. चालेल झकास. पण आतलं गेलं."

"सगळं?"

"सगळं."

ताईंनी त्याला परत पाठवलं. कंपनीला फोन केला. कुलूप घालणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि आकड्याची प्रत त्यांच्याकडे नव्हती. दारावर "आज बंद" असा कागद लागला. दुसऱ्या दिवशीही तो तसाच होता. लोक येत, कागद वाचत, सलूनमध्ये जाऊन चौकशी करत. बाकीच्या लोकांचं फार अडणार नव्हतं. त्यांची सेटिंग त्यांच्या कानातल्या यंत्रांत शाबूत होती, ती तिथून कॉम्प्युटरला परत वाचता येते. प्रश्न फक्त एकीचा होता. तिचं यंत्र साबणात मेलं होतं आणि त्याची प्रत त्या कुलपाआड होती. आणि ती आता परीक्षेला बसू शकत नव्हती.

त्या दोन-तीन दिवसांत माझ्या फरशीखालून एकच आवाज येई, सासूचा. ती मोठ्याने विचारायची, "बोलत का नाहीस? काय केलं मी? अगं, शिवी तरी दे!" तिला वाटत होतं, सुनेने अबोला धरला आहे. ताई तिला लिहून दाखवायच्या, पण झटक्यानंतर तिला अक्षरं जुळत नव्हती. ती कागद बाजूला सारायची.

मग एका दुपारी ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मी माझ्या बॅटऱ्यांसाठी पुन्हा गेलो होतो, मागच्या वेळी त्या द्यायच्या राहूनच गेल्या होत्या. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला होता, सगळं पुसू का म्हणून.

"मी दाबू?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"नको. मीच दाबते."

दाबलं. पडद्यावर टक्के चढू लागले, मुंगीच्या पावलाने. ताईंनी टेबल पुसलं, बरणीतले दाणे चाळले, पंख्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "काका, तुम्ही का ताटकळताय? हे लग्न नाही, जेवण मिळणार नाही." मी म्हटलं, "बॅटऱ्या." तेव्हा त्यांनी त्या दिल्या. तरी मी बसून राहिलो. का, ते सांगता येणार नाही.

कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत नवा होऊन उठला. पुढचे काही दिवस ताई एकेकाला बोलावून त्याच्या कानातल्या यंत्रातून त्याची सेटिंग काढून घेत होत्या. माझीही घेतली. सासूच्या यंत्रात त्यांनी तिच्या जुन्या तपासणीच्या कागदावरून काहीतरी भरलं. पण तो कागद झटक्याच्या आधीचा, आणि कान त्यानंतर बरेच उतरले होते.

एकदा त्यांनी मला जिन्यातच अडवलं. "काका, जरा आत या. पुरुषी आवाज पाहिजे. सलूनवाला आला तर तो गाणंच म्हणेल."

मागच्या खोलीत सासू उशांना टेकून बसली होती. तिच्या कानातल्या यंत्राची वायर पलंगाशी आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. ताई म्हणाल्या, "बोला काहीही."

काहीही बोला म्हटल्यावर मला काहीच सुचेना. शेवटी पाढे म्हणायला लागलो. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. ताई सासूच्या चेहऱ्याकडे बघत बोटाने काटा वर नेत होत्या. बारा पाचे साठ, बारा सक बहात्तर. घाबरून मी पुढे बारा साते ब्याऐंशी म्हणून गेलो.

"चौऱ्याऐंशी!" सासू म्हणाली. "कोणाचा मुलगा हा?"

ताई हसल्या. मग सासूच्या समोर बसून म्हणाल्या, "आई."

सासूने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हललेले तिला दिसले असावेत. म्हणाली, "बोल की. नुसतं तोंड काय हलवतेस?"

जाड आवाज तिला येत होते, दार आपटलेलं येत होतं, माझे पाढे येत होते. बायकांचे बारीक आवाज येत नव्हते. त्यात ताईंचा आवाज तर फारच बारीक. ताईंनी बारीक आवाजाचा काटा आणखी चढवला तेव्हा यंत्राने शिट्टी मारली आणि सासूने ते उपटून पलंगावर टाकलं. ताईंनी ते उचललं, पुसलं आणि मला म्हणाल्या, "आज एवढं पुरे. तुमचे पाढे मात्र बघा."

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. पण खालून रोज संध्याकाळी तोच प्रकार ऐकू येई. एक चमचा वाटीवर वाजायचा. मग ताईंचा आवाज, "आई." थोडं थांबून पुन्हा, "आई." मग शिट्टी. मग सासूची कुरकुर. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी, पुन्हा "आई." पावसाळा असाच गेला. मला वाटलं होतं, सोडून देतील. कुणीही सोडून दिलं असतं.

एका सकाळी मी यंत्र कानात घातलं आणि खालून सासूचा आवाज आला, "ओरडतेस काय? बहिरी नाही मी! आणि पडदा वाकडा लावलायस." ताईंनी काय उत्तर दिलं, ते मला नीट कळलं नाही. पण ते बरंच लांबलं, आणि सासू मध्येमध्ये ते खोडून काढत होती.

वर्षभराने ताईंना दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. तिथेच त्या दोघी गेल्या. पुढे सासू गेली, नंतर काही वर्षांनी ताई. मधल्या काळातलं मला काही ठाऊक नाही. मी पत्र लिहिलं नाही, त्यांनीही लिहिलं नाही. आमच्यात तसं काही नव्हतंच.

त्या निघाल्या त्या दिवशी टेम्पो दाराशी उभा होता. फोमची खोली सुटी करून फळ्या आत रचल्या होत्या. सासूला ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. मी दूध घेऊन येत होतो. ताई जिन्यापाशी किल्ली देण्यासाठी घरमालकाची वाट बघत होत्या.

"चल गं लवकर!" सासू टेम्पोतून म्हणाली.

"आले," ताई म्हणाल्या.

"आले म्हणतेस आणि तिथेच उभी."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण हातात दुधाची पिशवी होती आणि ती गळत होती.

"काका, रात्री यंत्र काढून ठेवता ना?"

"ठेवतो."

"बॅटरीचं झाकण उघडं ठेवत जा, नाहीतर ते रात्रभर चालूच राहतं. नुसतं काढून ठेवून उपयोग नाही."

"बरं," मी म्हटलं.