भावजींचे थांबे

ये बाई, अशी जवळ बस. दारात उभ्या उभ्या ‘काकी, बरंय न्हवं’ विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चपला घालायच्या, ही कुठली रीत गं? माहेराला आलीस तर घटकाभर टेक. आमच्या भावजींचं सांगते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्याएवढा लाजरा पुरुष या कोल्हापुरात दुसरा जन्मला नाही. आता आपलं गाव कसं, कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. तिथं हा माणूस शिंक आली तर घरामागच्या परड्यात जाऊन शिंकायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, फौंड्रीतली नोकरी संपली आणि ते कायमचे आमच्यात राहिले. तरी दुसरी भाकरी मागायला लाजत. ताटाकडं बघत बसत, मग मीच ओळखून वाढायची.

चालणं मात्र असं की त्यांची लाजसुद्धा मागं पडायची. उजाडता उजाडता निघायचे ते कळंब्याच्या तळ्याचं पाणी बघूनच परत. वाटेत कुणी रामराम घातला तर उत्तर पुढच्या वळणावरून यायचं. दूधवाला सायकलवरून हाका मारत त्यांच्या मागं लागायचा आणि शेवटी दूध मलाच आणून द्यायचा.

अशा या माणसाला म्हातारपणी एकाएकी लोकांचं प्रेम आलं. विजेचे चार खांब ओलांडले की थांबायला लागले. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड दिसला की त्यापुढं उभे राहून खालची सगळी ‘शुभेच्छुक’ मंडळी नावानिशी वाचायचे. पुढाऱ्याला स्वतःचे कार्यकर्ते ठाऊक नसतील एवढे ते भावजींना पाठ. मग शिंप्यापाशी थांबा, “काय, मशीन बरं चालतंय न्हवं?” एकदा बायकांच्या मॅचिंग सेंटरपुढं उभे राहिले. दुकानदार म्हणाला, “या काका, काय दाखवू?” आता नाही कसं म्हणायचं, म्हणून लाजेकाजेनं साडीचा फॉल घेऊन घरी आले. तिथं रोजच थांबायचे, त्यामुळं फॉलही रोज यायला लागला. माझ्या कपाटात जांभळ्या फॉलची चळत लागली आणि जांभळी साडी एकही नाही.

सगळ्यांत मोठा थांबा तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, आक्काजवळ. ती तिथं पायरीवर फुलं घेऊन बसते. “आक्का, पोरगं काय म्हंतंय?” एवढं विचारलं की तिची टकळी सुरू व्हायची. पोराला बढती मिळाली, पोरानं गाडी घेतली, पोरगं दिवाळीला येणार हाय. भावजी “झ्याक, झ्याक” म्हणत उभे. सगळी पेठ म्हणायला लागली, माणूस म्हातारपणी गोड झाला. मलाही कौतुक वाटलं.

गोड कसला झाला. पोटरीत गोळा यायचा, पाय दगडासारखा व्हायचा, म्हणून थांबायचे. पण आपल्याला चालवत नाही हे कुणाला कळू द्यायची लाज. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडली, तरी भर उन्हाळ्यात मोजे घालून घरात बसले. वासावरून मला संशय आला आणि मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या सांध्याशी रक्ताची नळी आतून तुंबली आहे, पायाला रक्त पोचत नाही. नळी उघडून आतला थर काढावा लागेल. उशीर केलात तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल.

मग विचारलं, “विडी-सिगरेट ओढता?”

भावजींनी माझ्याकडं बघितलं. “छ्या. कवाच न्हाय.”

“खरं सांगा. भूल द्यायची आहे.”

“न्हाय म्हंतोय न्हवं.”

थोरल्या वहिनीसमोर विडी कबूल करण्यापेक्षा पाय गेलेला परवडला, असा तो चेहरा. आता परड्यातला धूर काय मला ठाऊक नव्हता? मीच उठले, “पाणी पिऊन येते” म्हणाले. दार लोटून घेताना मागून बारीक आवाज आला, “रोज दोन बंडल.”

ऑपरेशन झालं. गल्लीत कुणी विचारलं तर भावजी शिरोळला लग्नाला गेलेत असं सांगायचं, हा हुकूम. डॉक्टरांनी आतून काढलेला थर बाटलीत घालून दाखवला. चिंचेच्या टरफलातून अख्खा गाभा सुटून यावा तसा, नळीच्याच आकाराचा, पिवळट आणि टणक. मी चष्मा लावून नीट बघायला गेले, तर भावजींनी तोंडावर चादर ओढून घेतली. “वैनी, झाका ते. बायकामाणसांत काय दाखवत्यात.”

अंगठा हळूहळू भरून आला आणि भावजी पहिल्यासारखे चालत सुटले. बोर्ड नाही, शिंपी नाही, फॉल नाही. मी आपली खूश. एक दिवस गजरा घ्यायला गेले, तर आक्कानं माझा हात धरला. भावजींना ती अण्णा म्हणते. “वैनी, अण्णा रागावल्यात व्हय माझ्यावर? रोज म्होरनं जात्यात, बघत बी न्हाईत. माझं काय चुकलं आसंल तर सांगा.”

घरी येऊन मी सांगितलं. भावजींचा घास हातातच राहिला. “वैनी,” म्हणाले, “मला तिच्या पोराचं नावसुदिक ठावं न्हाय. ती बोलायची तवा मी आपला कळ कवा जाईल त्येची वाट बघत हुतो.”

ताटावरून उठले ते उठलेच. दुसऱ्या दिवसापासून फिरणं बंद. ज्या पायासाठी एवढा खटाटोप केला, तो धडधाकट पाय घेऊन माणूस परड्यात बसून राहिला. मला ते बघवेना.

“भावजी, जाऊन सांगून टाका तिला.”

“कुठल्या तोंडानं?”

“हाय त्याच. दुसरं कुठनं आणताय?”

शेवटी मीच बरोबर गेले. आक्कापुढं उभं राहून, मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. पोटरीचं, नळीचं, माझ्यासमोर विडीचंसुद्धा. आक्का सुईदोरा चालवत ऐकत राहिली. मग हात थांबला. “अण्णा, पोरगं फोनच करत न्हाय माझं. लई दीस झालं. तुम्ही रोज इचारायचा, मग मी बी कायबाय सांगायची. सांगताना खरं वाटायचं बघा.” आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

दोघंही लाजेनं एकमेकांकडं बघेनात. मधे उभी राहून मला कुठं बघावं ते कळेना. मग भावजी पायरीवर टेकले आणि म्हणाले, “नाव काय त्याचं?”

हल्ली ते रोज तिथं बसतात, शेवंती निवडून देतात. फारसं बोलत नाहीत. पोराचा फोन काही अजून आलेला नाही.

जातेस? जा बाई, उशीर नको करूस. पण मला फोन करण्यावर भागवू नकोस. फोनवर आम्ही म्हातारी माणसं सगळं झ्याकच सांगतो. तू आपली ये. लवकर ये.